लोप पद्धतीत ताळा जुळतो, तरी उत्तर का चुकतं?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगी दहावीत. दोन चलांतील रेषीय समीकरणं लोप पद्धतीने (म्हणजे एक चल घालवून) सोडवताना दहातली चार-पाच गणितं चुकतात. ताळा करून बघते, तो जुळतो, पण मागे दिलेल्या उत्तराशी मेळ बसत नाही. सगळी गणितं निश्चयकानेच (म्हणजे ठरलेल्या सूत्रात आकडे घालून) केली तर चालेल का? आणि ती विचारते, की दोन वेगळी समीकरणं एकमेकांतून वजा करायची मुभा कोणी दिली? त्याचं उत्तर मला देता आलं नाही, असं त्यांनी लिहिलंय.

शेवटच्या प्रश्नासाठी तिला माझ्याकडून शाबासकी द्या. मी २६ वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवतोय. हे विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. बाकीची ‘सरांनी सांगितलं म्हणून’ वजा करतात आणि पुढे जातात. तिकडे येतोच, पण आधी ताळ्याचं बघू. खरं दुखणं तिथे आहे.

(पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. मी जुन्या वळणाचा, क्ष आणि य लिहितो. गणित तेच.)

ही जोडी घ्या:

४क्ष − ३य = १८ … (१)
४क्ष − ५य = १४ … (२)

क्षचे सहगुणक (त्याच्या आधीचे आकडे) सारखे आहेत, म्हणून (१) मधून (२) वजा करायचं. मुलं (२) च्या प्रत्येक पदाखाली बदललेलं चिन्ह लिहितात: ४क्षखाली वजा, ५यखाली अधिक, १४ खाली वजा. इथवर सगळं ठीक. मग पेन्सिल चालू लागते. दोन्ही ४क्षवर काट पडते. हात यवर येतो. आता एकाच ५यला दोन चिन्हं आहेत, शेजारचं मूळ वजा आणि खाली बारीक अक्षरात स्वतःच काढलेलं अधिक. घाईत डोळा मूळ चिन्ह उचलतो आणि वहीत येतं −८य. उजवीकडे १८ − १४ = ४ मात्र बिनचूक. म्हणजे −८य = ४, य = −१/२. ही किंमत (१) मध्ये ठेवली की ४क्ष + १.५ = १८, म्हणून ४क्ष = १६.५ आणि क्ष = ४.१२५.

आता ताळा. नजर परत वर जाते, पहिलं समीकरण समोरच असतं: १६.५ + १.५ = १८. जुळला! मुलगी खूश.

तो जुळणारच होता. क्ष आपण काढलाच मुळी (१) मधून, य −१/२ आहे असं धरून. य = १०० धरला असता, तर त्याला साजेसा क्ष (१) मधून निघाला असता आणि ताळा तेव्हाही जुळला असता. हा ताळा म्हणजे चोरालाच ‘चोरी केलीस का’ म्हणून विचारणं. (२) मध्ये ठेवून बघा: १६.५ + २.५ = १९. हवे होते १४. चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

तेव्हा किंमत एका समीकरणात ठेवायची आणि ताळा दुसऱ्यात घ्यायचा. दुसऱ्यात म्हणजे प्रश्नात जसं छापलंय तशा मूळ समीकरणात, आपण ३ ने किंवा ५ ने गुणून तयार केलेल्यात नव्हे. गुणताना चूक झाली असेल, तर गुणलेलं समीकरण ती चूक पोटात घेऊन बसलेलं असतं. मी हे फुशारकीने सांगत नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले असताना मी फळ्यावर गुणलेल्या समीकरणात ताळा घेतला, ‘बघा, जुळला’ म्हणालो, आणि दुसऱ्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला. तेव्हापासून माझ्या वर्गात मूळ दोन्ही समीकरणांभोवती चौकट आखायची पद्धत आहे. ताळा फक्त चौकटीत.

वजाबाकीबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. करूच नये. (२) ला −१ ने गुणून ते नव्या ओळीवर पूर्ण लिहायचं आणि मग बेरीज करायची:

४क्ष − ३य = १८
−४क्ष + ५य = −१४
बेरीज करून: २य = ४, म्हणून य = २

य = २ हे (१) मध्ये ठेवलं की ४क्ष − ६ = १८, म्हणजे क्ष = ६. ताळा (२) मध्ये: २४ − १० = १४. एक ओळ जास्त लागते, लागू दे. पदाखाली चिन्ह लिहायच्या पद्धतीत एका पदाला दोन चिन्हं असतात आणि त्यातलं कोणतं खरं ते लक्षात ठेवावं लागतं. नव्या ओळीत प्रत्येक पदाला एकच चिन्ह. ही ओळ मी मुलांना लाल पेनने लिहायला लावतो, निदान पहिला महिनाभर. परीक्षेत अर्थातच नाही.

चिन्हांचा हा गोंधळ काही आपल्या पोरांनी शोधलेला नाही. ‘जिउझांग सुआनशू’ या प्राचीन चिनी गणितग्रंथाच्या आठव्या प्रकरणात नेमकी हीच पद्धत आहे. तिथे सहगुणक कागदावर लिहीत नसत, बांबूच्या काड्यांनी पटावर मांडत. इसवी सन २६३ मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या लिऊ हुईने धन संख्यांसाठी लाल आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या सांगितल्या आहेत. आपल्या हिशेबातल्या लाल शाईच्या बरोबर उलट. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणितात’ (११५०) ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत आणि अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं देऊन त्यांची पहिली अक्षरं या, का, नी लिहीत. म्हणजे माझे क्ष-य बरेच अलीकडचे म्हणायचे.

आता मुभेचा प्रश्न. इथे पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा आणि शाळेबाहेरच्या गाडीवर चला. तुम्ही ३ वडापाव आणि २ चहा घेतले, ८० रुपये झाले. शेजारच्याने २ वडापाव आणि २ चहा घेतले, त्याचे ६० झाले. वडापाव केवढ्याला? सातवीतलं पोरही तोंडी सांगतं, २० ला. एक वडापाव जास्त, २० रुपये जास्त. त्याने मनातल्या मनात एका बिलातून दुसरं बिल वजा केलं आणि मुभा कोणाकडेच मागितली नाही. दोन्ही बिलं खरी आहेत आणि दोन्हींत वडापावचा भाव तोच, चहाचा भाव तोच. सारख्या रकमांतून सारख्या रकमा काढल्या तर उरतं तेही सारखंच. सगळी भिस्त ‘भाव तोच’ यावर आहे. एकसामयिक समीकरणं या जडशीळ शब्दाचा अर्थ तेवढाच: दोन्हींतला क्ष एकच, दोन्हींतला य एकच.

सहगुणक सारखे नसतील तर? समजा शेजाऱ्याने २ वडापाव आणि ३ चहा घेतले, ७० रुपये. तुमचं तेच, ३ आणि २, ८० रुपये. आता तुमच्यासारखीच ऑर्डर दोघांनी दिली असती तर? ६ वडापाव, ४ चहा, १६० रुपये. शेजाऱ्यासारखी तिघांनी दिली असती तर? ६ वडापाव, ९ चहा, २१० रुपये. वडापाव सारखे झाले, ५ चहा जास्त, ५० रुपये जास्त. चहा १० ला. समीकरणाला २ ने गुणणं म्हणजे आख्खी ऑर्डर दुप्पट करणं. म्हणूनच उजवी बाजूही गुणावी लागते. ६ वडापाव आणि ४ चहा घेऊन गाडीवाल्याच्या हातात ८० च रुपये ठेवून बघा. मुलं स्थिरपद (उजवीकडचा नुसता आकडा) गुणायचं विसरतात, तेव्हा मी एवढंच विचारतो, ‘बिल दिलंस का?’

ती हुशार आहे असं दिसतंय, त्यामुळे एक पाऊल पुढे सांगतो. वजा करून मिळालेलं २य = ४ हे खरं आहे, हे पटलं. पण त्या खटाटोपात एखादी नवी उकल शिरली नसेल कशावरून, किंवा असलेली हरवली नसेल कशावरून? कारण आपल्याला परत फिरता येतं. (१) आणि २य = ४ एवढंच हातात असलं तरी (१) मधून २य = ४ वजा केलं की (२) जसंच्या तसं परत येतं. परतीची वाट उघडी आहे, म्हणजे जुन्या जोडीची उकल तीच नव्या जोडीची. शून्याने गुणायला मनाई आहे ती यासाठीच. तिथून परत येता येत नाही.

आलेखावर हे आणखी छान दिसतं. (१) आणि (२) या दोन तिरप्या रेषा (६, २) या बिंदूत छेदतात. एका समीकरणाची कितीही पट दुसऱ्यात मिळवा, तयार होणारी रेषा त्याच बिंदूतून जाते. जणू खिळा ठोकलाय आणि पट्टी त्याच्याभोवती फिरतेय. लोप करणं म्हणजे ती पट्टी आडवी किंवा उभी होईपर्यंत फिरवणं. आडवी झाली की य थेट वाचता येतो, उभी झाली की क्ष. आलेख वहीवर हे एकदा करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

कोणत्या चलाचा लोप करायचा, हा खरं तर आवडीचा प्रश्न असायला हवा, पण बहुतेक मुलं डोळे मिटून क्षवरच जातात. ही जोडी बघा:

७क्ष + ४य = ४१
५क्ष − २य = ५

क्ष घालवायचा तर पहिलं ५ ने आणि दुसरं ७ ने गुणा: ३५क्ष + २०य = २०५ आणि ३५क्ष − १४य = ३५. वजाबाकी, पुन्हा चिन्हांचा खेळ, ३४य = १७०, य = ५. य घालवायचा तर फक्त दुसरं २ ने गुणा: १०क्ष − ४य = १०. बेरीज: १७क्ष = ५१, क्ष = ३. संपलं. सुरुवात करण्यापूर्वी दहा सेकंद नुसतं बघायचं. चिन्हं विरुद्ध असतील तो चल आधी, कारण तिथे आयती बेरीज मिळते. मग ज्याचे सहगुणक एकमेकांच्या पटीत असतील तो. १२ आणि १८ आले तर १८ ने आणि १२ ने गुणत बसू नये, लसावि ३६, तेव्हा ३ आणि २ पुरतात.

निश्चयकाबद्दल. नुसतं ‘सोडवा’ म्हटलं असेल तर कोणतीही पद्धत चालते, पण ‘क्रेमरच्या पद्धतीने’ (म्हणजे निश्चयकानेच) किंवा ‘आलेखाने’ असं म्हटलं असेल तर तेच करावं लागतं. पण निश्चयकाकडे पळून चुका कमी होतील, असं मला वाटत नाही. वरच्याच जोडीचा निश्चयक काढा: ७ × (−२) − ४ × ५ = −१४ − २० = −३४. हा ३४ ओळखीचा वाटतोय? लांबच्या रस्त्याने क्षचा लोप केला तेव्हा यला चिकटून जो ३४ आला, तोच हा. निश्चयकाचं सूत्र म्हणजे अंकांऐवजी अक्षरं घेऊन एकदाच करून ठेवलेला लोप. चिन्हांच्या जागा तिथेही तेवढ्याच, फक्त चूक आत कुठे झाली ते दिसत नाही. सहगुणक दशांशात किंवा अवजड असतील तर मी स्वतः निश्चयक वापरतो. साध्या पूर्णांकांना लोप बरा.

आता माझं सगळ्यात आवडतं गणित. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांच्या काळातलं, त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या राज्यात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होते. त्यांच्या ‘गणितसारसंग्रहात’ बाजारहाटाचं एक गणित आहे: ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची किंमत १०७, ७ महाळुंगं आणि ९ कवठं यांची किंमत १०१, तर एकेकाची किंमत सांग. (महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते फळ. मुलांना हल्ली तेवढंच ठाऊक असतं. कवठ तरी महाशिवरात्रीला बाजारात दिसतं.)

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

इथे ९ ने आणि ७ ने गुणत बसणारी मुलं बघितली की जीव हळहळतो. सहगुणक अदलाबदल झालेले दिसतायत. सरळ बेरीज करा: १६क्ष + १६य = २०८, म्हणून क्ष + य = १३. (१) मधून (२) वजा करा: २क्ष − २य = ६, म्हणून क्ष − य = ३. यांची बेरीज २क्ष = १६. महाळुंग ८ ला, कवठ ५ ला. दहावीच्या पुस्तकात १५ आणि १७ सहगुणकांचं असंच एक उदाहरण आहे आणि परीक्षेला हा प्रकार फार लाडका.

महावीराचार्यांनी यासाठी नियमच देऊन ठेवलाय. जास्तीच्या किमतीला मोठ्या संख्येने गुणा, त्यातून कमी किंमत गुणिले लहान संख्या वजा करा, आणि दोन संख्यांच्या वर्गांच्या फरकाने भागा. १०७ × ९ = ९६३, १०१ × ७ = ७०७, फरक २५६. वर्गांचा फरक ८१ − ४९ = ३२. २५६ भागिले ३२ बरोबर ८. तो ३२ म्हणजे दुसरं काही नसून या जोडीचा निश्चयक. क्रेमरचं पुस्तक १७५० चं, म्हणजे ९०० वर्षं नंतरचं. अर्थात क्रेमरचं सूत्र कोणत्याही सहगुणकांना लागू पडतं आणि हा नियम फक्त अशा अदलाबदलीच्या जोडीला, हेही सांगायला हवं. उगाच ‘सगळं आमच्याकडे होतंच’ नको.

बाकीचे प्रकार पटकन. समीकरणं विस्कटलेली असतील तर आधी क्षखाली क्ष, यखाली य, स्थिरपद उजवीकडे, अशी मांडून घ्यायची. पक्षांतरात चिन्ह बदलतं. हे तिला माहीत असणार, पण घाईत हेच राहतं. अपूर्णांक असतील तर पहिल्याच ओळीत छेदांच्या लसाविने गुणून त्यांना घालवायचं, शेवटपर्यंत ओढत न्यायचं नाही. क्ष आणि य छेदात असतील तर १/क्ष ला म आणि १/य ला न मानायचं, म-न ची साधी जोडी सोडवायची आणि शेवटी उलटं करायला विसरायचं नाही. म = २ आला म्हणजे उत्तर क्ष = १/२. दर वर्षी वर्गातली पाच-सहा मुलं म वरच थांबून उत्तराखाली दुहेरी रेघ मारतात.

तीन चलांचं गणित तिला दहावीत लागणार नाही, पण कुतूहल असेल तर त्या चिनी ग्रंथाच्या आठव्या प्रकरणातलं पहिलंच द्या. चांगल्या पिकाच्या ३ पेंढ्या, मध्यमच्या २ आणि हलक्याची १ यांतून ३९ मापं धान्य निघतं. २, ३, १ पेंढ्यांतून ३४ आणि १, २, ३ पेंढ्यांतून २६. एका एका पेंढीत किती? पहिल्याच्या मदतीने बाकी दोघांतला पहिला चल घालवा, की दोन चलांची ओळखीची जोडी उरते. शेवटी ३६ पट हलकी पेंढी = ९९ अशी ओळ हाती येईल, म्हणजे पावणेतीन मापं. इतर दोन तिची तिला काढू द्या. सव्वानऊ आणि सव्वाचार आली पाहिजेत.

आणि एक गोष्ट, जिला मुलं चूक समजून खोडून टाकतात. २क्ष + ४य = १० आणि ३क्ष + ६य = १५ ही जोडी सोडवायला घेतली, पहिलं ३ ने आणि दुसरं २ ने गुणलं, वजा केलं, तर क्ष गेला, यही गेला आणि उरलं ० = ०. पोरगं घाबरतं, पान फाडतं, पुन्हा करतं, पुन्हा तेच. चूक काहीच नाही. दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचीच दीडपट आहे, नवीन माहिती शून्य. उकली अनंत. उजवीकडे १५ ऐवजी १२ असते तर उरलं असतं ० = ६, आणि मग उकल एकही नाही. रेषा समांतर.

हे तिला समजावताना परत गाडीवरच न्या. पहिलं बिल: २ वडापाव, २ चहा, ६० रुपये. दुसरं बिल: ४ वडापाव, ४ चहा, १२० रुपये. यावरून वडापावचा भाव सांग म्हणावं. थोडा वेळ धडपडू द्या. मग दुसऱ्या बिलातले १२० खोडून ११० लिहा आणि विचारा, आता गाडीवर काय झालं असेल?